बार्बाडोसच्या रीफवर पहिल्यांदा सर्फिंग: गर्दी टाळायची असेल तर

बार्बाडोस म्हटलं की आपल्याला केन्सिंग्टन ओव्हल आठवतं. २९ जून २०२४ ला भारताने टी-२० विश्वचषक तिथेच जिंकला आणि पाठोपाठ आलेल्या बेरिल वादळामुळे आपला संघ ब्रिजटाउनमध्येच अडकून पडला. त्याच मैदानापासून निघालात तर साधारण तासाभरात बेटाचं कुठलंही टोक गाठता येतं, कारण हे बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. तीन बाजूंना तीन तऱ्हेच्या लाटा, पाणी बारा महिने २६ ते २९ अंश, आणि बहुतेक लाटा प्रवाळाच्या किंवा दगडी तळावर, म्हणजेच रीफवर, फुटणाऱ्या.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांनी गोव्यात, कर्नाटकातल्या मुल्कीला किंवा न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर वाळूवरच्या लाटांत हात साफ केलाय आणि आता पहिल्यांदाच रीफवर उतरायचंय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. बार्बाडोसला आता गुप्त अशी जागा उरलेली नाही, सगळ्या जागांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. तरीही रोज कुठे ना कुठे चांगली लाट रिकामी फुटत असते, आणि ती वेळ साधणाऱ्याच्या वाट्याला येते. मात्र रिकाम्या लाटेवर तुम्हाला ओढून बाहेर काढायलाही कोणी नसतं. त्यामुळे गर्दी टाळणाऱ्याची तयारी गर्दीत उतरणाऱ्यापेक्षा जास्तच लागते.

आधी स्वतःला तपासा

तीन प्रश्न आहेत. बोर्ड हातातून सुटला, लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) तुटली, तर तीन-चारशे मीटर समुद्रात न घाबरता पोहता येतं का? न फुटलेल्या लाटेवर उभं राहून, लाट ज्या बाजूला उघडत जाते त्या बाजूला बोर्ड वळवता येतो का? समोरून फेसाळ लाट आली की बोर्ड सोडून न देता तिच्याखालून किंवा तिच्यावरून निघता येतं का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर रीफ अजून लांब आहे. दक्षिण किनाऱ्यावर इंच मार्लोच्या सर्फर्स पॉइंटला आतल्या बाजूला मऊ लाटा येतात, प्रशिक्षकही मिळतात. पहिला आठवडा तिथे घालवा. त्यात कमीपणा काहीच नाही.

रीफवर बदलतं काय

वाळूवर लाट आज इथे तर उद्या पन्नास पावलं पलीकडे फुटते, कारण तळच हलत असतो. रीफचा तळ पक्का, म्हणून लाट दर वेळी जवळजवळ त्याच जागी उठते. तुम्हाला बसायची नेमकी जागा शिकता येते, आणि हीच रीफची सगळ्यात मोठी देणगी आहे. मात्र त्या जागेवर सगळ्यांचाच डोळा असतो, आणि चूक झाली की खाली वाळूची गादी नसते.

लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोल पाण्यात आली की फुटते. म्हणजे एक मीटरची लाट सुमारे १.३ मीटर पाण्यात कोसळते. हे झालं सुरुवातीच्या जागेचं. लाट पुढे धावते ती उथळ भागाकडे, आणि शेवटच्या टप्प्यात पाणी गुडघ्याच्याही खाली असू शकतं. म्हणून नवख्याने लाट शेवटपर्यंत ओढायची नाही. लाटेचा खांदा, म्हणजे अजून न फुटलेली उतरती बाजू, खाली यायला लागला, समोरची भिंत एकदम उभी राहताना दिसली, की बोर्ड लाटेच्या पाठीवरून बाहेर काढायचा. रीफवर सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच.

भरती-ओहोटीचा हिशोब आपल्या सवयीपेक्षा वेगळा आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, बार्बाडोसला हा फरक एक मीटरच्या आतच असतो. तेवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण जिथे मुळात कंबरभर पाणी आहे तिथे दोन फूट कमी झाले तर दगड उघडे पडतात. पहिले काही दिवस पूर्ण ओहोटीला रीफवर उतरूच नका. भरतीचा मध्य ते पूर्ण भरती हा वेळ धरा.

बेटाच्या तीन बाजू

पूर्वीय व्यापारी वारे इथे वर्षभर वाहतात आणि बेटावरचं सर्फिंगचं सगळं वेळापत्रक तेच ठरवतात. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा लाटेचा चेहरा उभा आणि गुळगुळीत ठेवतो, समुद्राकडून येणारा वारा तिला विस्कटतो. एवढं समजलं की नकाशा आपोआप उलगडतो.

पूर्व किनारा थेट अटलांटिकला तोंड देऊन उभा आहे. लाट जवळजवळ रोज, पण वारा अंगावर. बाथशेबा गावाची सूप बोल ही प्रसिद्ध लाट इथलीच. केली स्लेटरसारखा अकरा वेळा जगज्जेता झालेला सर्फर तिला जगातल्या उत्तम लाटांमध्ये गणतो.

पश्चिम किनारा कॅरिबियन समुद्राकडे. वारा कायम पाठीकडून, पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखं शांत. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधली मोठी वादळं लांब पल्ल्याची लाट पाठवतात, ती बेटाच्या टोकाला वळसा घालून आत आली की ब्रँडन्स, ट्रॉपिकाना, मेकॉक्स अशा जागा जाग्या होतात. असे दिवस मोजके, आणि त्या दिवशी सगळं बेट तिकडे लोटतं. यातल्या बऱ्याच जागा उथळ आणि वेगवान आहेत. अगदी उत्तरेकडच्या डपीजला तर लांबवर वल्हवत जावं लागतं आणि प्रवाहही जोरदार असतो. नवख्याने या लाटा किनाऱ्यावरूनच पाहाव्यात, हे माझं स्पष्ट मत.

दक्षिण किनारा मधला. वारा आडवा किंवा थोडा पाठीमागून, लाट पूर्वेकडून वळून आलेली, म्हणजे जोर ओसरलेला. फ्रेट्स बे आणि साउथ पॉइंट या दोन्ही डावीकडे उघडणाऱ्या लाटा इथे आहेत, विमानतळापासून अगदी जवळ. सुरुवात इथूनच करा.

कोणता महिना, कोणती वेळ

डिसेंबर ते मार्च हा पर्यटकांचा हंगाम. उत्तरेची लाट येते, वारा जोरात, घरं महाग. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. बार्बाडोस वादळपट्ट्याच्या पूर्व कडेला असल्याने थेट तडाखा क्वचित बसतो. २०२१ मधलं एल्सा हे १९५५ च्या जॅनेटनंतर बेटावर आलेलं पहिलं हरिकेन. पण बेरिलसारखं वादळ बाजूने गेलं तरी विमानतळ बंद पडतो आणि मच्छिमारांच्या होड्या फुटतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये वारा पडतो आणि सूप बोल सगळ्यात देखणी होते, म्हणून कसलेले सर्फर तेव्हा येतात.

पहिल्या खेपेसाठी मी एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे सुचवेन. पर्यटक परतलेले असतात, वादळं सुरू व्हायची असतात, लाट बेताची असते. ‘बेताची’ म्हणून नाक मुरडू नका, रीफवर पहिल्यांदा उतरताना तेच हवं असतं.

दिवसातली वेळ म्हणाल तर उजाडताना. सहाच्या सुमारास पाण्यात असलात तर वारा अजून चढलेला नसतो आणि शिकवणी वर्गाच्या गाड्याही आलेल्या नसतात. साडेआठ-नऊपर्यंत दोन्ही चित्रं बदलतात. दुसरी वेळ म्हणजे कामाच्या दिवसातली सकाळ, मुलं शाळेत आणि माणसं कामावर असताना. शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्ट्या स्थानिकांच्या समजा आणि तेव्हा बेट फिरा.

अंदाज वाचायला शिका

अॅपवरच्या ताऱ्यांवर विसंबू नका. तीन आकडे पाहा: लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, आणि दिशा. नवखे उंची पाहतात आणि सेकंद सोडून देतात, तिथेच फसतात. आठ सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याने उठवलेली असते. तिची लांबी शंभरेक मीटर, ती तळ चाचपते पन्नास मीटर खोलीवर. चौदा सेकंदांच्या लाटेची लांबी तीनशे मीटर, तिला तळ दीडशे मीटरवरच लागतो. म्हणून ती कडेकपारीला वळसा घालते आणि रीफवर आली की एकदम उभी राहते. अंदाजात दोन्ही ‘चार फूट’च दिसतील, पण पाण्यात दुसरी कितीतरी जड लागेल. सुरुवातीला दहा सेकंदांच्या आतले दिवस निवडा.

अमेरिकी हवामान खात्याच्या तरंगत्या बोयांचे आकडे इंटरनेटवर फुकट मिळतात. ४१०४० क्रमांकाचा बोया बार्बाडोसपासून पूर्वेला सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. तिथे आज चौदा सेकंदांची लाट नोंदली गेली तर ती साधारण अठरा तासांत बेटावर पोचते, आठ सेकंदांचीला तीस तासांहून जास्त लागतात. उत्तरेकडच्या लाटेसाठी ४१०४४ पाहा. रात्री जेवणाआधी हे आकडे बघायची सवय लावा, उद्या कुठल्या बाजूला जायचं ते झोपण्याआधीच ठरलेलं असेल.

सामान

बोर्ड तिथेच भाड्याने घ्या. विमानाचं भाडं आणि वाटेतली मोडतोड, दोन्ही वाचतं. पहिल्या दिवसांत साडेसात-आठ फुटी, जाड बोर्ड बरा, कारण त्यावर लाट लवकर पकडता येते आणि उभं राहायला वेळ मिळतो. लीश नवी हवी; तिचा पट्टा आणि दोरी जोडलेली जागा बोटांनी ताणून पाहा, बारीकशी चीर दिसली तरी बदलून मागा. पातळ रबरी तळाचे रीफ-बूट घ्या. त्यांनी बोर्डावर पाय थोडा जड वाटतो, पण समुद्री साळू (तळाशी राहणारा काटेरी जीव) हिचे काटे आणि दगडांच्या धारा यांच्यापुढे ती तडजोड चांगली. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे अंगालगत बसणारा सर्फिंगचा शर्ट, उन्हासाठीही लागतो आणि खरचटण्यासाठीही. शक्य असेल तर हलकं सर्फिंग हेल्मेट घ्या. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावायचं उष्ण पाण्याचं वॅक्स, बोर्डाची भेग बुजवायची राळ, चिमटा, अँटिसेप्टिक, व्हिनेगरची छोटी बाटली. निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन ताजं करून घ्या.

एक गोष्ट बॅगेत मुळीच नको: लष्करी छापाचे कपडे. बार्बाडोसमध्ये ते सामान्य माणसाने घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनीही.

भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरंटोमार्गे जावं लागतं, तेव्हा वाटेतल्या देशाच्या व्हिसाची चौकशी तिकिटाआधी करा. बेटावर गाडी डाव्या बाजूने चालते, आपल्यासारखीच. अमेरिकेतून जाणाऱ्यांनी पहिल्या गोल चौकात सांभाळावं. चलन बार्बाडोस डॉलर, दोनाला एक अमेरिकी डॉलर असा ठरलेला दर. बोर्डासकट फिरायला भाड्याची गाडी सोयीची पडते. निळ्या सरकारी बस, पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या झेडआर व्हॅन स्वस्त खऱ्या, पण खचाखच भरलेल्या व्हॅनमध्ये आठ फुटी बोर्ड मावत नाही.

पहिली उतरण: फ्रेट्स बे

फ्रेट्सला बुटक्या कड्यावर गाडी लावून खाली पाहता येतं. आधी पाहाच. अर्धा तास. बोर्ड गाडीतच ठेवा, म्हणजे उतरायची घाई होणार नाही.

काय पाहायचं? मोठ्या लाटा तीन-चार-पाचाच्या गटाने येतात, दोन गटांमध्ये किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा. सगळ्यात मोठ्या गटाची वाट पाहा, कारण तुम्हाला ज्याला तोंड द्यायचंय तो तोच. लाट पहिल्यांदा कुठे पांढरी होते ते किनाऱ्यावरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धरून लक्षात ठेवा, एखादं झाड आणि त्यामागच्या घराचं छप्पर, असं काहीतरी. पाण्यात गेल्यावर त्या खुणा पुन्हा एका रेषेत आल्या की तुम्ही जागेवर पोचलात. मग लाटा फुटत नाहीत असा गडद पाण्याचा पट्टा शोधा. आत गेलेलं पाणी बाहेर निघायची ती वाट, चॅनल. जायचं आणि यायचं तिथूनच. शेवटी, आधीपासून पाण्यात असलेला माणूस कुठून आत जातो आणि कुठून बाहेर येतो ते बघा. कड्यावरचा हा अर्धा तास कुठल्याही नकाशापेक्षा जास्त शिकवतो.

पाण्यात कोणीच नसेल तर? आधी कारण शोधा. सहा वाजलेत म्हणून रिकामं आहे, की पाणी फार उतरलंय म्हणून? वारा फिरलाय? सांडपाणी किंवा सरगॅसम शेवाळाचा थर आलाय? २०११ पासून हे तपकिरी शेवाळ पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर काही महिने ढिगाने येतं. दाट थरात वल्हवताही येत नाही आणि लीश अडकते. रिकामेपणाचं कारण सापडलं नाही तर उतरू नका. कोणीतरी येईपर्यंत थांबा, नाहीतर दुसरी जागा गाठा.

फ्रेट्सला लाट हळू उठते आणि लांबवर चालते. दोन लाटांच्या मध्ये बोर्डावर बसलेलं असताना शेजारी कासवाचं डोकं वर येतं, श्वास घेतल्याचा फुस्स आवाज येतो आणि ते पुन्हा खाली जातं. त्याच्या मागे वल्हवत जाऊ नका. इथे दोन-तीन सकाळी नीट गेल्या, खुणा बघून जागा धरता येऊ लागली, की दीपगृहाजवळचा साउथ पॉइंट पाहा. तिथे तळ उथळ आणि लाटेला जोर जास्त. कंबरेपर्यंतच्या लाटेला, भरतीच्या पाण्याला, सोबतीने.

आत जाणं, पडणं, बाहेर येणं

खडकाळ जागी पाण्यात चालत जाऊ नका. मांडीइतकं पाणी झालं की लगेच बोर्डावर झोपा. चालावंच लागलं तर पाय न उचलता सरकवत चाला. जिवंत प्रवाळावर तर पाय ठेवूच नका. २०२३ च्या उन्हाळ्यात सगळ्या कॅरिबियनमध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, उरलेल्याला आपल्या टाचांची भर नको.

पडताना सूर मारायचा नाही, पाय ताठ करून उडीही घ्यायची नाही. अंग पसरून, शक्यतो पाठीवर किंवा कुशीवर, पाण्याच्या वरच्या थरातच थांबायचं, कोपराने चेहरा आणि हातांनी डोकं झाकायचं. वर येताना एक हात डोक्यावर, कारण लीशला बांधलेला बोर्ड परत येत असतो. पाय खाली टेकून तळ शोधायचा मोह आवरा. अर्ध्याअधिक जखमा लाटेने होत नाहीत, नंतर उभं राहायला गेल्याने होतात. हे मी वारंवार पाहिलंय.

परत येताना थकवा असतो, आणि सरळ रेषेत रीफवरून किनारा गाठावा असं वाटतं. चॅनलपर्यंत वळसा घ्या. रीफवरून यावंच लागलं तर मोठा गट संपू द्या, मग फेसाच्या लाटेवर पोटावर झोपून या. बोर्डाच्या तळाचे पर, म्हणजे फिन, साधारण चार-साडेचार इंच खाली असतात. ते खरवडले की समजा वीतभरही पाणी नाही. तेव्हा तिथेच पटकन उतरून बोर्ड काखेत घ्या.

सूप बोल

इथपर्यंत आलेल्याला बाथशेबाला जावंसं वाटणारच, आणि जायलाच हवं. रस्ता उसाच्या शेतांतून चढत जातो आणि एकदम समोर अटलांटिक उघडतो. किनाऱ्यावर घराएवढे प्रवाळी दगड उभे आहेत, लाटांनी त्यांचे पाय कोरून काढलेत. त्यापलीकडे उजवीकडे उघडणारी ती लाट. बसून पाहा. खाली दगड आणि काळ्या साळू आहेत, आतल्या भागात पाणी सतत ओढत असतं, आणि चांगल्या दिवशी लाट डोक्याच्या वर जाते. छातीच्या खालची लाट, पडलेला वारा, भरती आणि जागा जाणणारा सोबती हे चारही एकत्र आले तरच नवख्याने उतरावं, तेही मुख्य जागा सोडून बाजूच्या खांद्यावर. जवळच पार्लर नावाची जागा आहे, पाणी तुलनेने खोल, अनेकदा कमी गर्दीची. तिथेही तेच नियम. टेंट बेच्या बाजूला मच्छिमारांच्या होड्यांची वाट मोकळी ठेवा.

माणसं

बार्बाडोसमध्ये बसमध्ये चढतानाही ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. पाण्यातही म्हणा. लाट ज्या ठिकाणी पहिल्यांदा फुटते त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची. तो उठला की तुम्ही थांबायचं. पोचल्या पोचल्या मध्यावर जाऊन बसू नका, कडेला बसा, दोन-चार लाटा जाऊ द्या. चार-सहा मित्रांनी एकदम उतरू नका. रिकामी जागा तुमच्या टोळीनेच गर्दीची होते. दोघं पुरेत, आणि दोघं हवेतच. फोटो टाकलात तर जागेचं नाव आणि खूण टाकू नका. इथे वाढलेल्या पोरांच्या घरामागची लाट आहे ती.

पश्चिम किनाऱ्यावर सावलीला बसताना झाड पाहा. मँचिनीलचं फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं आणि विषारी असतं; चिकाने कातडीवर फोड येतात. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी ओघळणारं पाणी भाजतं. बऱ्याच बुंध्यांवर लाल पट्टा रंगवलेला असतो.

लागलंच तर

प्रवाळाचं खरचटणं बघायला किरकोळ दिसतं आणि तिसऱ्या दिवशी चिघळतं, कारण आत बारीक कण राहतात. गोड्या पाण्याने आणि साबणाने, दुखलं तरी, मऊ ब्रशने घासून धुवा, मग अँटिसेप्टिक. साळूचा काटा घुसला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास ठेवा, वर दिसणारं टोक चिमट्याने सरळ ओढा, आत तुटलेलं सुईने उकरत बसू नका. सांध्याजवळ घुसलं असेल तर डॉक्टरकडे जा. अग्निप्रवाळाची आग व्हिनेगरने कमी होते. जखमेभोवती लाली पसरली, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. जखम कोरडी होईपर्यंत पाण्यात उतरू नका, सुट्टीचे दिवस वाया गेले तरी.

डोक्याला मार लागला आणि माणूस शुद्धीवर असला तरी सर्फिंग तिथेच थांबवायचं. रुग्णवाहिकेसाठी ५११, पोलिसांसाठी २११, अग्निशमन दलासाठी ३११. मोठं सरकारी रुग्णालय ब्रिजटाउनचं क्वीन एलिझाबेथ. हे आकडे किनाऱ्यावरच्या कुणालाही पाठ असतात. त्यांना ठाऊक नसतं ते तुमचं नाव, रक्तगट, अॅलर्जी, विम्याचा क्रमांक आणि घरच्या माणसाचा फोन. ते एका कागदावर लिहून गाडीच्या काचेआड ठेवा आणि किल्ली कुठे आहे ते सोबत्याला सांगून मगच पाण्यात उतरा.